सोमवारी बैल जुंपत नाहीत

सोमवार, ५ डिसेंबर १९६०. अणदूर

हस्तलिखित परत आलं. रविवारचं टपाल आणणारी एस.टी. इथं सोमवारी दुपारी येते, म्हणजे वाईट बातमीसुद्धा शिळी होऊन पोचते. पुण्याच्या संपादकांनी दोन ओळी लिहिल्यात. 'प्रयोग दिसला. माणूस दिसला नाही.' एकशे चाळीस पानांना दोन ओळी. बरं.

गावचे देव पालखीतून नळदुर्गाच्या देवळात गेलेत, ते पौषातल्या यात्रेनंतर परत येतील. देव गावात नसले की गाव ढिलं पडतं. त्यात थंडी, त्यात सोमवार. आमच्याकडं सोमवारी बैल जुंपत नाहीत, बसवण्णाचा वार. गाडी नाही, औत नाही. अख्खं गाव पारावर उन्हं खात बसतं आणि शाळेत पहिल्या तासाला मी अर्ध्या वर्गाला भूगोल शिकवतो.

दुपारी बंडप्पाच्या हाटेलात गेलो. बंडप्पा शाळेत माझ्या बाकावर होता. सातवीत नापास झाला आणि तेव्हापासून सुखी आहे. त्यानं माझ्या हातातलं जाड पाकीट बघितलं.

"काय मांतप्पा, पुन्याच्या सासूनं पोरगी परत धाडली का?"

"चहा दे."

"त्या पुस्तकात घडतंय तरी काय?"

"काही घडत नाही. तोच प्रयोग आहे. एक हिवाळा, त्यातले सगळे सोमवार, आणि काही घडत नाही."

"मंग लिव्हायला दीड वरीस कशापायी लागलं?"

तेवढ्यात हनीफ आला. सायकलवरून उतरला नाही, नुसता एक पाय टेकून उभा राहिला. हनीफ सडकेच्या ऑफिसात कारकून आहे. सोलापूर-हैदराबाद सडकेचे नऊ मैल त्याच्या ताब्यात. कुठं खड्डा पडला, कुठं खडी टाकली, मजुरांच्या गँगमध्ये कोण हजर, हे सगळं तो रोज वहीत लिहितो. उर्दूत. निजामाच्या शेवटच्या वर्षी नोकरीला लागला तेव्हापासून उर्दूतच. वरच्या ऑफिसातला दुसरा कारकून त्याचं मराठी करायचा. त्याची बदली झाली.

आता हुकूम आलाय. १६ जानेवारीला उस्मानाबादला मराठीची परीक्षा. हनीफ दोनदा नापास झालाय, ही तिसरी आणि शेवटची. ह्या वेळी गेला तर कारकुनी जाणार आणि त्याच सडकेवर गँगमध्ये फावडं हातात येणार.

"आज गोरोबा मुकादम मला सलाम करतोय," हनीफ म्हणाला. "उद्या मी त्याला करीन. त्याचं काय न्हाय रे. अम्मीला काय सांगू, ते सांग."

मी म्हणालो, "मी तुला पास करतो."

बोलून गेलो. रोज सकाळी साडेसहाला, शाळेच्या आधी, त्याच्या ओसरीवर. दर सोमवारी चाचणी. हे हनीफसाठी केलं की पुण्यावरच्या रागानं, ते मला अजून नक्की ठरवता येत नाही. पण करणार.

गुरुवार, ८ डिसेंबर

बोटं इतकी गारठतात की दोघांचंही अक्षर सारखंच वाईट येतं.

आम्ही एकाच शाळेत उर्दू शिकलो. तो सात वर्षांनी मोठा. पोलीस अॅक्शन झाली तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. शाळा मराठी झाली, मग मीही मराठी झालो, पुढं सोलापूरला बी.ए. झालो. त्याचं शिक्षण तेव्हा संपून गेलेलं होतं. एवढाच फरक. तो मला तेव्हा पाटीवर अलिफ काढून द्यायचा. मी आज त्याला 'ळ' काढून दिला.

बोलतो झकास. वाचतोही बरं. लिहायला बसला की वजन उचलल्यासारखा श्वास घेतो. सराव म्हणून त्याला सांगितलं, रोज हवामानावर पाच ओळी लिहायच्या.

सोमवार, १२ डिसेंबर

पहिली चाचणी. त्यानं लिहिलं :

'आज थंडी आहे. पहार धरवत नाही. गँगने आधी शेकोटी केली, मग काम केले. म्हातारा सिदू शेकोटीजवळच राहिला. मी त्याची हजेरी लावली.'

शुद्ध आहे. पण वाक्यं भाकरीसारखी. मी त्याला म्हणालो, निबंधाला वीस मार्क आहेत, परीक्षकाला काहीतरी चमक दिसली पाहिजे. गेल्या दोन्ही वेळी 'हिवाळ्यातील एक दिवस' आला होता, परीक्षाच थंडीत असते, पुन्हा तोच येणार. मी स्वतः बसून अडीच पानांचा निबंध लिहून दिला. पाठ कर म्हणालो. माझ्या कादंबरीतलं पहिलं वाक्य त्याला देऊन टाकलं : 'धुकं म्हणजे आकाशानं घेतलेली शंका.'

हनीफनं ते दोनदा वाचलं. "आकाश कुनावर शंका घेतंय?"

"कुणावर नाही. तशीच."

"कुनावरच न्हाय? मंग ती शंका न्हाय मांतू, ती सवय."

मी म्हणालो, अर्थ विचारू नकोस, पाठ कर. तो करायला लागला. शेकोटीचं त्याचं वाक्य मात्र कादंबरीसाठी टिपून घेतलं. अर्थात सुधारून.

रविवार, १८ डिसेंबर

येळवस, मार्गशीर्षातली अमावस्या. गाव ओस, सगळे रानात. आमच्या रानात हनीफ, बंडप्पा आणि बंडप्पाच्या हाटेलातली निम्मी गिऱ्हाइकं. कडब्याची कोप, कोपीत पूजा, मग भज्जी, उंडे आणि माठभर आंबील. अव्वा, म्हणजे माझी आई, वाढताना कुणाचं ऐकत नाही.

"नागूकाकी, बास आता, पोटात जागा न्हाय," हनीफ म्हणाला.

"जागा करायची आसती. परीक्षेला काय रिकाम्या पोटानं जानार हायस?"

"परीक्षेला अजून म्हैना हाय."

"मंग म्हैनाभर पुरंल इतकं खा."

ज्वारी कंबरेच्या वर गेलीय. दुपारी आंबील पिऊन सगळे कडब्यावर आडवे झाले. मी हनीफला म्हणालो, निबंध म्हणून दाखव. तो डोळे मिटून म्हणाला, "आज आकाशाला कसलीच शंका न्हाय. झोप."

सोमवार, १९ डिसेंबर

भांडण झालं. येळवशीच्या दुसऱ्या दिवशी सोमवार, म्हणजे सुस्तीवर सुस्ती. शाळेत सात मुलं. हनीफनं चाचणीच्या कागदावर तीन ओळी लिहिल्या होत्या, निबंध अर्धाच पाठ. मी बोललो. नको तेवढं बोललो. म्हणालो, तुला कारकून राहायचंच नाही. तुझ्या हातात फावडंच शोभतं.

त्यानं टाक पुसला, दौतीला बूच लावलं आणि सडकेवर गेला.

हे लिहिताना वाटतंय की चूक माझी आहे. पण तीन ओळी म्हणजे काय?

शनिवार, २४ डिसेंबर

चार दिवस तो आलाही नाही, मी गेलोही नाही. आज हनीफच्या अम्मीनं, खैरुनबीनं, शाळेच्या दारातच गाठलं.

"मांतू बेटा, हनीफ सबेरे उठको दीवार से बोलता, 'धुकं म्हणजे शंका.' मैं बोली, किसकू शंका आयी रे? कुछ जवाब नईं देता."

म्हणजे पाठ करतोय. मला बरं वाटलं. म्हणालो, "चाची, पास व्हायला तसं लिहावं लागतं."

"लिखना है तो लिखने दे. लेकिन उसकू फावडे का नाम नक्को ले." मग थोडा वेळ ती पदर सारखा करत राहिली. "इसके अब्बा यहीच सडक पे फावडा मारते मारते गये. तेहतीस मैल के पास. हनीफ के हात में कलम आया, तो मैं बोली, बस, अब कुछ नक्को मेरेकू."

मला हे माहीत होतं. लहानपणापासून माहीत होतं. सोमवारी ते वाक्य बोलताना ते आठवलं नाही, एवढंच.

संध्याकाळी त्याच्या ओसरीवर गेलो. माफी वगैरे मागता आली नाही. "चल, कुठपर्यंत आलं होतं?" म्हणालो. तो म्हणाला, "'थंडी ही काचेची बहीण आहे', इथपर्यंत. ती का बहीण हाय, ते विचारत न्हाय." आणि हसला.

सोमवार, २ जानेवारी १९६१

काल नळदुर्गची यात्रा. बंडप्पा तिथं भज्यांचं दुकान टाकून आला, आज हाटेल बंद. सोमवारचा चहासुद्धा गेला.

हनीफनं अडीच पानं एका दमात म्हणून दाखवली. एक अक्षर चुकलं नाही. ऐकताना मला स्वतःचंच लिखाण पहिल्यांदा दुसऱ्याच्या तोंडून ऐकू आलं. चांगलं आहे. मधे एका ठिकाणी मात्र मलाच समजेना मी काय म्हणतोय. असो, परीक्षकाला तेवढा वेळ नसतो.

सोमवार, ९ जानेवारी

आभाळ आलंय. हरभऱ्यावर अळी पडेल म्हणून अव्वा सारखी वर बघते. चाचणीत अर्ज उत्तम, भाषांतर ठीक, निबंध तोंडपाठ. ठरलं : सोमवारी सकाळी सहाची पहिली गाडी, नऊ-साडेनऊला उस्मानाबाद, अकराला पेपर. मी म्हणालो, रविवारीच जा. पण रविवारी साहेब सडक तपासायला येणार, सुट्टी मिळत नाही.

मी ठरवलंय. हा माणूस पास झाला नाही तर मी लिहिणं सोडून देईन. (हे कुणाला सांगितलेलं नाही.)

सोमवार, १६ जानेवारी

दुपार. शाळेत बसून लिहितोय. 

पहाटेपासून धुकं. साडेपाचला स्टँडवर गेलो तेव्हा बंडप्पाची भट्टी दिसत नव्हती, नुसता खोकला ऐकू येत होता. हनीफ इस्त्रीचा पायजमा, काळी शेरवानी, हातात टाकाची डबी. सहा वाजले. साडेसहा झाले. गाडी नाही. उमरग्याकडून पायी आलेल्या एका माणसानं सांगितलं, गाडी तिकडंच सडकेखाली उतरून बसलीय.

नळदुर्ग सहा मैल. तिथून आठला उस्मानाबादची गाडी आहे. मी घराकडं पळालो.

"अव्वा, बैल घेतो. नळदुर्गापतोर."

"आज वार कोनता?"

"सोमवार. पण हनीफची परीक्षा—"

"म्हाईत हाय. त्याच्यासाठी म्या सकाळधरनं पान्याचा थेंब घेतला न्हाय. उपासबी धरायचा आन् बैलबी जुंपायचा?"

"तो नापास झाला तर?"

"तू हायस की. तुला कोन न्हाय म्हनतंय?"

बैलाच्या जागी मी, असा अर्थ. मी परत पळत आलो. दुसऱ्या कुणाचे बैल मागण्यात अर्थ नव्हता, सगळ्या दावणीला आज तेच उत्तर. हनीफची सायकल ऑफिसात कुलपात. शेवटी बंडप्पानं आपली दुधाची सायकल काढून दिली. ब्रेक नाही, घंटी नाही. "पाय टेकवून थांबव," बंडप्पा म्हणाला, "आन् भिंतीला धडकू नगं, भिंत लोकाची आसतीय."

हनीफ मागं बसला. मी पायडल मारायला लागलो. पुढचं चाकसुद्धा नीट दिसत नव्हतं.

"निबंध म्हण," मी ओरडलो.

"डावीकडं घे. खड्डा हाय."

खरंच होता. चाक काठावरून गेलं.

"निबंध म्हण रे!"

"आता उतार. पायडल सोड. पुढं मोरी हाय, उजवा कठडा तुटलाय, मधनं चल."

मोरी आली. मी मधून गेलो. उजवीकडं काहीच नव्हतं, नुसतं पांढरं.

"खडीचा ढीग येईल. आता. उजवीकडं." आला. "बाभळ हाय, फांदी खाली आलीय, मान वाकव." वाकवली तरी काटा लागला. एका जागी तो बराच वेळ काही बोलला नाही. मी विचारलं, काय झालं? तो म्हणाला, "तेहतिसावा मैल. इथं सडक चांगली हाय. चल."

मी चिडलो होतो. सगळ्या महिन्याची मेहनत, आणि हा परीक्षेच्या सकाळी खड्डे मोजतोय. एकदासुद्धा उजळणी केली नाही. नळदुर्गात शिरलो तेव्हा आठला पाच कमी. गाडी हलत होती. तो पळत चढला, दारातून म्हणाला, "परत जाताना मोरीपाशी उतरून चालत जा. मी नसनार."

मी साडेदहाला शाळेत. हेडमास्तरांनी खुलासा मागितलाय, लेखी. लिहिणार आहे. लेखीच मागितलाय, मग सोडतो काय!

मंगळवार, १७ जानेवारी

संपलं सगळं.

हनीफ काल संध्याकाळच्या गाडीनं आला. आज सकाळी ओसरीवर बसून सांगत होता. वेळेवर पोचला. पेपर हातात आला. अर्ज, भाषांतर, आणि निबंध तोच, 'हिवाळ्यातील एक दिवस'. म्हणाला, "लई खूश झालो. उत्तराची वही घेतली आन् लिव्हायला लागलो. शंका लिव्हली, काचेची बहीन लिव्हली, समदं. अर्जबी झाला. मंग परीक्षेचा साहेब फिरत आला आन् थांबला."

"का?"

"वही मी मागनं उघडली होती."

मला एक क्षण कळेना. मग कळलं. आयुष्यभर उजवीकडून उघडलेल्या वह्या. हातानं आपोआप शेवटचं पान उघडलं, आणि तिथून अलीकडं अलीकडं हा माणूस मराठी लिहीत आला.

साहेब वाईट नव्हता. म्हणाला, शिक्का आणि नंबर पहिल्या पानावर आहे, परीक्षक पहिल्या पानापासून वाचतो, मागचं धरणार नाही. रेघ मारा आणि इकडून लिहा. चाळीस मिनिटं राहिली होती. अर्ज पुन्हा उतरवला, भाषांतर उतरवलं. निबंधाला दहा मिनिटं उरली.

"मग शंकेपासून जेवढं होईल तेवढं तरी—"

"तेवढं सुंदर लिव्हायला येळ नव्हता रे. दहा मिनिटांत काय होतंय? सकाळचंच लिव्हलं."

"काय लिहिलंस?"

तो आठवून म्हणाला, शाळेत म्हणतात तसं, हात मांडीवर ठेवून :

"'आज सोमवार आहे. धुके होते. एस.टी. आली नाही. आमच्या गावात सोमवारी बैल जुंपत नाहीत. मित्राने मला सायकलवर घेतले. मित्राला रस्ता दिसत नव्हता. मला पाठ होता. मी मागे बसून सांगत होतो. असे आम्ही सहा मैल आलो. थंडी होती, पण मित्राला घाम आला होता.' मंग घंटा झाली."

दहा ओळी. एक उपमा नाही. वीस मार्कांतले चार मिळाले तरी खूप. हे माझ्या चेहऱ्यावर दिसलं असणार. कारण तो म्हणाला, "तुझी अडीच पानं वाया गेली, मांतू. माफ कर."

माझी! त्याची नोकरी चाललीय आणि तो माझ्या पानांची माफी मागतोय. खैरुनबी आत भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज थांबला होता.

सोमवार, २३ जानेवारी

चाचणी नाही. साडेसहाला जाग आली आणि तसाच पडून राहिलो. कादंबरी काढली, सव्विसाव्या पानापर्यंत वाचली. धुकं आहे, शंका आहे, काच आहे. रस्ता नाही. हे आज का खटकलं कुणास ठाऊक. तरी लिहिणं सोडायचं नाही, असं ठरवलंय. ९ तारखेला जे ठरवलं होतं ते मागं घेतो.

सोमवार, ६ फेब्रुवारी

थंडी ओसरलीय. सकाळच्या दुसऱ्या तासाला बंडप्पा वर्गाच्या खिडकीत आला. हाटेल उघडं टाकून.

"मांतप्पा! पास!"

सातवीत नापास झालेला माणूस दुसऱ्याच्या पास होण्यानं इतका नाचलेला मी पाहिला नाही. भूगोल सोडून आम्ही सायकलवर सडकेच्या चौकीवर गेलो. ऑफिसात सकाळी कागद आला होता. 'उत्तीर्ण', एवढंच. मार्क नाहीत. शेवटी शिकवल्याचा उपयोग झालाच. अर्ज आणि भाषांतर मी कच्चं राहू दिलं नव्हतं. निबंधाकडं परीक्षकानं बहुधा कानाडोळा केला असणार.

हनीफ चौकीच्या पायरीवर बसून लिहीत होता. नवी वही, मराठीतलं पहिलं पान. समोर गँग विडी ओढत बसलेली, मुकादम गोरोबा फावड्यावर हनुवटी टेकवून बघत होता.

"सायेब, काय लिव्हलं?" गोरोबानं विचारलं. त्याला कुठलीच लिपी येत नाही.

हनीफनं वाचलं. "'मैल बत्तीस ते चौतीस. सकाळी गार, नंतर ऊन. तेहतीसजवळ डांबर सुटले आहे. मोरीचा कठडा अजून तुटलेला. गँग हजर चौदा. म्हातारा सिदू बसून खडी फोडतो.'"

मी वाकून बघितलं. सगळं बरोबर होतं. तरी खिशातलं पेन माझ्या हातात आलं होतं. 'सकाळी गार' हे फारच उघडं वाटत होतं, तिथं काहीतरी—

हनीफनं पानावर पंजा ठेवला. "न्हाय, मास्तर. हे सडकेचं हाय."

"एकच शब्द—"

"एकबी न्हाय."

बंडप्पा हसायला लागला. मी रागावलो होतो की लाजलो होतो, सांगता येत नाही. गोरोबानं आमच्याकडं लक्षच दिलं नाही. तो सडकेकडं तोंड करून, ऐकलेलं मनातल्या मनात एकेक ताडून बघत उभा होता.

"व्हय," तो म्हणाला. "आसंच हाय."

मग त्यानं विडी विझवली, फावडं खांद्यावर टाकलं, "चला रं, तेहतीसचं डांबर" म्हणाला, आणि चौदाच्या चौदा माणसं उठून चालायला लागली. माझं लिखाण ऐकून आजवर कुणी असं कामाला लागलेलं नाही.